शब्द हवा आहे : 'कम्युनिकेशन'ला संप्रेषण, संज्ञापन, संवाद की आणखी काही?

साळुंकी
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी मराठीत टिपणं काढतेय. पहिल्या धड्याचं नाव 'संप्रेषण : मूलतत्त्वे व महत्त्व'. वर्गात अर्थ विचारला, तर एकीने सरळ बीपीशी संबंध जोडला, दुसरीला पार्सल आठवलं. दुसरीचं फारसं चुकलं नाही असं मला वाटतं, पण ते असो. संप्रेषण, संज्ञापन, संचार, दळणवळण, संवाद हे शब्द मी आलटून पालटून वाचते. ते एकच आहेत का? आणि सातारा-सांगलीकडच्या अठरा वर्षांच्या मुलीला कळेल असा कोणता?

दौत
संचार लगेच बाद करा. तो हिंदीत चालतो. मराठीत संचार देवीचा होतो नाहीतर पोलिसांची संचारबंदी लागते. दूरसंचार तेवढा सरकारी कृपेने रुळला. दळणवळण म्हटलं की आता रस्ते, रेल्वे आणि घाटात बंद पडलेला ट्रक डोळ्यांपुढे येतो. 'त्या घराशी आमचं दळणवळण नाही' असं पूर्वी सहज म्हणत, तो अर्थ मागे पडला.

संज्ञापन हा शब्द पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाच्या नावात आहे, पण पाटीपलीकडे फारसा गेला नाही. शब्द वाईट नाही. ज्ञापन म्हणजे जाणवून देणं, कळवणं. जुन्या पत्रांतली 'विज्ञापना' त्याच कुळातली.

ओव्हरहेड वायर
संप्रेषणात 'प्रेषण' आहे, म्हणजे धाडणं. क्लॉड शॅननने १९४८ साली संदेश पाठवण्याचा जो सिद्धांत मांडला त्याला हा शब्द चपखल बसतो. बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला माणूस तो, त्याच्यापुढचा प्रश्न तारेचा होता. एका टोकाला निघालेला संदेश, वाटेतला गोंगाट सोसून, दुसऱ्या टोकाला तसाच्या तसा कसा निघेल? संदेशाचा अर्थ काय, हा इंजिनिअरचा प्रश्न नाही, असं त्याने सुरुवातीलाच लिहून टाकलंय. पुढे पाठ्यपुस्तकवाल्यांनी त्याच्या लेखातली या प्रवासाची आकृती उचलली आणि प्रेषक, माध्यम, ग्राहक अशी नावं देऊन माणसांना चिकटवली. तुमच्या विद्यार्थिनीला पार्सल आठवलं ते उगीच नाही.

मधली आळी
मग संवाद घ्या की! सोपा, सगळ्यांना येणारा.

दौत
सोपा आहे, पण त्याची अट मोठी आहे. संवादात जुळणं आहे. गाण्यातले वादी-संवादी आठवा, म्हणजे रागातला मुख्य स्वर आणि त्याच्या खालोखालचा. यमन रागात गंधार वादी आणि निषाद संवादी. संवादी हा नुसता दुसरा स्वर नसतो, पहिल्याशी त्याचं नातं लागतं. उलट झालं की विसंवाद. नोटीस बोर्डावर कागद डकवून 'कर्मचाऱ्यांशी संवाद साधला' म्हणणाऱ्या साहेबांची मला गंमत वाटते.

पाटपाणी
तुम्ही सगळे नामांच्या मागे लागलात. मराठीत हा माल क्रियापदांत आणि विभक्तीत भरलाय. बघा:

'त्याला सांगितलं' म्हटलं की माझं काम संपलं. 'त्याच्याशी बोललो' म्हटलं की तोही बोलला असणार. 'त्याच्याशी सांगितलं' म्हणताच येत नाही. 'त्याला बोललो' म्हणजे झाडलं. सासू सुनेला बोलते ती ही. (मुंबईकर 'मी तुला बोललो ना' असं साध्या सांगण्यालाही म्हणतात, त्यावरून आमच्याकडे पाहुण्यांचे गैरसमज होतात.) आणि 'आईजवळ बोलली' म्हणजे मनातलं बाहेर काढलं. सगळी करामत ला, शी आणि जवळ यांची.

साळुंकीताई, तुमच्या वर्गात हे नक्की चालेल: पेशंट डॉक्टरांशी बोलतो, नातेवाइकांना सांगतो आणि रात्रपाळीच्या सिस्टरजवळ बोलतो. गोळ्या उशीखाली सरकवल्यात हे ऐकायला मिळतं ते या तिसरीलाच.

साळुंकी
अगदी! हे तर मी चोरणारच.

ओव्हरहेड वायर
क्रियापदांवर आलात तर माझं लाडकं 'कळवणे'. कळणेचं प्रयोजक. कळतं ते समोरच्याला, म्हणजे त्याच्या डोक्यात उजेड पडला तरच मी 'कळवलं' म्हणायला हवं. प्रत्यक्षात 'आपणांस कळविण्यात येते की' लिहून जावक क्रमांक पडला की कळवून झालं. कळलं की नाही ते त्याचं तो बघेल.

फलाट क्र. ३
रेल्वेत होतो म्हणून लिहितो. आमच्याकडे 'कळवलं' चालत नाही, पोच लागते. स्टेशन मास्तर फाटकवाल्याला फोन करतो, गाडी येतेय, फाटक लाव. फाटकवाला 'लावलं' म्हणाला तरी मास्तर पुढे सरकत नाही. तो 'नंबर दे' म्हणतो. मग फाटकवाला त्याच्याकडच्या छापील कागदावरचा पुढचा प्रायव्हेट नंबर सांगतो, मास्तर तो लिहून घेतो. आकडा हातात आल्याशिवाय फाटक लागलं असं धरायचं नाही. पहाटे तीनला दोघेही पेंगुळलेले असतात, 'हो हो' तोंडातून आपोआप निघतं. आकडा मात्र आपोआप निघत नाही, त्यासाठी कागद बघावा लागतो.

ओव्हरहेड वायर
विमानवाल्यांना याची किंमत स्पेनच्या टेनेरिफ बेटावर कळली. २७ मार्च १९७७, धावपट्टीवर दाट धुकं, दोन जंबो विमानं, एक केएलएम कंपनीचं, दुसरं पॅनॅमचं. केएलएमच्या वैमानिकाने 'आम्ही आता टेक-ऑफला' अशा अर्थाचं काहीतरी कळवलं. म्हणजे तयार आहोत की निघालो? विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातून 'ओके' आलं. त्यापुढचं 'थांबा, मी सांगेन' हे वाक्य, नेमकं त्याच क्षणी पॅनॅमचा वैमानिक रेडिओवर बोलू लागल्याने, खरखरीत बुडालं. केएलएमचं विमान सुटलं आणि धावपट्टीवरच्या पॅनॅमवर आदळलं. ५८३ माणसं गेली. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं. एरवी 'डिपार्चर'. आणि नुसतं 'ओके' चालत नाही, हुकूम परत म्हणून दाखवायचा.

साळुंकी
फोनवर डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं औषध आम्हीही लिहून घेऊन त्यांना परत वाचून दाखवतो: नाव, मात्रा, कधी, कशातून. मुली याला 'रीडबॅक' म्हणतात. 'पोच' किती छान बसेल!

मधली आळी
सगळंच बोलणं असं औषधाच्या चिठ्ठीसारखं नसतं हो. 'काय म्हणताय?' 'काही नाही, चाललंय.' यात कोणी कोणाला काय कळवलं?

दौत
आपण अजून एकमेकांशी बोलतो, एवढं कळवलं. मॅलिनोव्हस्की या मानवशास्त्रज्ञाने १९२३ साली अशा बोलण्याचं वेगळं नाव पाडलं. माहिती देण्यासाठी नव्हे, नातं चालू ठेवण्यासाठी बोललेलं. आपल्या जुन्या पत्रांत त्याची स्वतंत्र जागाच होती. 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे' एवढं झालं की मग 'विशेष' लिहून कामाला हात घालायचा. आधी वाट उघडी आहे ना ते बघायचं, उत्तराची मागणी तिथेच नोंदवायची, मग मजकूर. आजच्या ऑफिसातल्या मेलमध्ये थेट 'विशेष'पासून सुरुवात असते, म्हणून ते खेकसल्यासारखे वाटतात.

वॉर्डात शिरल्या शिरल्या 'आजी, झोप लागली का?' विचारलं नाही, तर पुढच्या दहा प्रश्नांना 'हं' एवढंच उत्तर मिळतं.

पाटपाणी
त्या 'हं'लाही कमी लेखू नका. आजी गोष्ट सांगताना 'हूं म्हण' म्हणायची. हुंकार थांबला की गोष्ट थांबे, पोरगं झोपलं असं समजून.

साळुंकी
धड्याचं नाव ठरलं: 'सांगणे, बोलणे आणि पोच'. परीक्षेत संप्रेषण विचारतील, म्हणून तो शब्द कंसात देते. संवाद दुसऱ्या धड्यासाठी राखून ठेवते, तिथे पेशंटच्या घरच्यांशी कसं बोलावं ते आहे.

मधली आळी
पण 'पोच नाही' म्हणजे अक्कल नाही असाही अर्थ होतो. 'सिस्टरांना पोच नाही' असं कोणी लिहिलं तर?

फलाट क्र. ३
तर दोन्ही अर्थांनी चौकशी लावा.

दौत
आणि ते 'पोच' लिहायचं की 'पोहोच', यावर वेगळा धागा काढा. इथे नको, मला झोपायचंय.