मुलांचं आजोळ कळव्यात, मग मे महिन्यात जायचं कुठे?

कोलशेतची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, वेळ असेल तेव्हा वाचा. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला राहतो, मोठी सातवीत आणि धाकटा तिसरीत. दोघं सीबीएसईला, त्यामुळे एप्रिलमध्येच नवीन वर्ग सुरू होऊन पुस्तकांना कव्हरं घालून झाली आणि आता मे महिन्यात सुट्टी. नणंदेची मुलं स्टेट बोर्डाला, त्यांच्या परीक्षा एप्रिल संपत आला तरी चालू असतात आणि मग २ मेपासून थेट जूनच्या मध्यापर्यंत मोकळी. म्हणजे सगळी भावंडं एकत्र मोकळी अशी फक्त मे महिन्यातच, आणि त्यातही कुणाचा क्लास, कुणाचं दहावीचं व्हेकेशन बॅच.

माझं आजोळ देवरुखजवळ. लहानपणी रिझल्ट लागला की दुसऱ्या दिवशी आई आम्हाला घेऊन रात्रीच्या एसटीने निघायची, पुढे १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मग गाडीने. तिथे मामाची, मावशीची, शेजारच्या घरातली अशी एवढी पोरं असायची की जेवायला पंगती दोन व्हायच्या. दुपारी मामी आंब्याचा रस ताटांतून पसरून उन्हात ठेवायची साठं घालायला, आणि कावळे-कोंबड्या हाकायला आमच्यातल्या एकाला काठी घेऊन सावलीत बसवायची. ज्याची पाळी असेल त्याच्याजवळ बाकीचे जाऊन बसायचे, मग तिथेच पत्ते, तिथेच भुताच्या गोष्टी, तिथेच भांडणं. ती भांडणं मिटवायला कुणी मोठं यायचं नाही, मोठी ताई मिटवायची आणि ती स्वतः तेव्हा असेल बारा-तेरा वर्षांची.

आता आजी-आजोबा नाहीत, मामा मुलाकडे विरारला आला, घर बंद, गणपतीत तेवढं उघडतं. आणि माझ्या मुलांचं आजोळ म्हणजे माझे आईबाबा, ते राहतात कळव्याला. रिक्षाने जाता येतं, मुलं दर रविवारी तिथे असतातच, त्यासाठी सुट्टी लागावी लागत नाही. त्याचा मला आनंदच आहे, आजी-आजोबा इतक्या जवळ असणं हे भाग्य आहे. पण सुट्टीत दुसऱ्या घरी राहायला जाणं, तिथल्या पद्धतीने उठणं-जेवणं, आपल्यापेक्षा लहान पोराला सांभाळणं हे त्यांना कधी मिळालंच नाही.

शिबिरांची पत्रकं रोज सोसायटीच्या ग्रुपवर येतायत, स्केटिंग, रोबोटिक्स, कॅलिग्राफी. माझा त्याला विरोध नाही, धाकट्याला स्केटिंग घालणारही आहे. पण तिथे आठ वर्षांची मुलं आठ वर्षांच्याच मुलांबरोबर, तासाभराने आपापल्या घरी. मला मुलांना सुट्टीत माणसं द्यायचीत, लहान-मोठी, आपली आणि परकी. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे कसं जमवायचं? तुमच्याकडे काय करता ते मनापासून सांगा.

नौपाड्याची_आजी

अगं बाई, तुझं वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी सत्तरी ओलांडलेली आहे, लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हापासून नौपाड्यातच. आमची बिल्डिंग जुनी, तीन मजली, गच्ची मोठी. दर वर्षी एप्रिल-मे मध्ये मी कुरडया घालते आणि त्या एकटीने घालायचं काम नाही हे तुला माहीत असेल. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर ठेवायचा आणि सकाळी वरचं पिवळं पाणी ओतून टाकायचं. हे सगळं मुलं बघतात, वास येतो म्हणून नाकं धरतात आणि तरी रोज विचारायला येतात, आजी आज काय झालं गव्हाचं. ज्या दिवशी चीक शिजवायचा त्या दिवशी सकाळी सहाला बिल्डिंगमधली पाच-सहा पोरं दारात, कारण गरम चीक वाटीत घालून वर तूप-साखर, ते त्यांना हवं असतं. मग सोऱ्या दाबायला दोन बाप्ये, प्लास्टिक अंथरायला मोठ्या मुली, आणि कबुतरं हाकायला लहान. तुझ्याकडे कोंबड्या होत्या, आमच्याकडे कबुतरं.

यात माझी नातवंडं दोनच आहेत बरं का, बाकी सगळी बिल्डिंगची. एक गुजराती कुटुंब आहे, त्यांची सून तिच्या खिचियाचं पीठ घेऊन येते त्याच दिवशी. म्हणून म्हणते भावंडं नाही जमली तरी अडून बसू नकोस. कमिटीला भेटून गच्चीची किल्ली माग, सकाळी सहा ते दहा, मोठं माणूस बरोबर राहील असं लिहून दे. नव्या टॉवरमध्ये गच्ची कुलपातच असते, पण रीतसर मागितली तर देतात, माझ्या लेकीच्या सोसायटीने दिली.

आणि एक, दुपारी उन्हाचं बाहेर काढू नका, संध्याकाळी वाचनालयात न्या. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, मुलांना आधी हे सांग की ही जागा तुझ्या पणजोबांच्याही आधीची आहे, मग बघ कशी बघतात. तिथून तलावपाळी, भेळ आणि घरी.

कोपरखैरणेकर

ताई, आमचं उलट आहे. आमचे वडील माथाडी, मार्केट मसजिद बंदरहून वाशीला हललं तसे आम्ही पण इकडे आलो. आमच्या भागात सातारा-पाटण-जावळीकडची घरं भरपूर, आणि चैत्र लागला की सगळ्यांचं एकच, यात्रा कधी. यात्रा तिथीवर असते, तिला शाळेचं वेळापत्रक कळत नाही, त्यामुळे पोराचा पेपर आणि गावची पालखी एका दिवशी असं बऱ्याचदा होतं. आम्ही तेव्हा पेपरच देऊ देतो, शिक्षण पहिलं, पण पेपर संपला की त्याच रात्री गाडीत बसायचं, दुसऱ्या दिवशीच्या कुस्त्या तरी मिळतात.

तुम्ही म्हणता ना परकी माणसं, ती यात्रेत मिळतात. माझा मुलगा इथे चौथ्या मजल्यावर कुणाचं नाव विचारलं तर सांगू शकणार नाही, पण गावात वर्गणीच्या वहीतलं अख्खं नाव वाचून घर शोधत जातो, पाणी मागतो, बसतो, म्हातारी माणसं विचारतात कुणाचा रे तू, मग आजोबांचं नाव सांगतो. गेल्या वेळी त्याला पालखीच्या पुढे अब्दागिरी धरायला दिली. वजन बऱ्यापैकी असतं, हात थरथरत होते त्याचे, तरी दुसऱ्या पोराला द्यायला तयार नाही. माझे वडील बाजूने चालत होते, काही बोलले नाहीत, फक्त त्याच्या मागे हात धरून होते पडला तर म्हणून.

एक सांगतो, तुमच्या मामांचं घर बंद आहे पण आहे ना? आमच्या भावकीत पण एक घर असं बंद होतं. चार चुलत भावांनी खर्च वाटून घेतला, पत्रे बदलले, संडास बांधला, आता मे महिन्यात आठ-दहा दिवस पाळीपाळीने घर भरलेलं असतं. मामांना एकदा विचारून तर बघा. एसटीच्या लाल परीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पाच ते बाराच्या पोरांना पण अर्धं, ट्रेनचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं आणि मे महिन्याचं तर लगेच संपतं म्हणून एसटी धरून चला.

नेरूळची_मावशी

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. तुमच्या पोस्टमध्ये मामी साठं घालतेय आणि जेवायला दोन पंगती होतायत. त्या दोन पंगतींचं कोण करत होतं? मामीच ना. मी अशाच एका घरातली मुलगी आहे, माझी आई ती मामी होती. मे महिना आला की आमच्याकडे माणसं आणि आईला चुलीपासून उठायला फुरसत नाही, तिला स्वतःच्या माहेरी जायला मिळायचं ते पावसाच्या तोंडावर दोन-चार दिवस, कारण तिच्या नणंदा मुलं घेऊन आलेल्या असायच्या. आम्ही सगळे ते दिवस आठवून हळवे होतो आणि आई पण होते, तिला माणसं हवीच होती, पण तिचे पाय सुजायचे हे मी बघितलंय. त्यामुळे सुट्टी परत तशी करायची असेल तर कामाची वाटणी आधी करा, हे माझं ठाम मत आहे.

आम्ही बहिणी-भाऊ चार ठिकाणी, नेरूळ, वाशी, ठाणे आणि डोंबिवली. मे महिन्यात मुलं फिरती असतात. तीन दिवस एका घरी सगळी, मग पुढच्या घरी. ज्याचं घर त्या घरच्या नवरा-बायकोपैकी एकाने तेवढी रजा टाकायची, दोघांनी नाही, म्हणजे वर्षाच्या रजेतल्या दोन-तीनच जातात. ठाणे-वाशी-नेरूळ लोकल आहे, मोठी मुलं लहानांना घेऊन दुपारच्या रिकाम्या गाडीने स्वतः येतात, एक मोठं माणूस शेवटच्या स्टेशनवर उभं. नियम दोनच: आपलं ताट आपण घासायचं, आणि सकाळचा नाष्टा मुलांनी करायचा. पोहे पहिल्या दिवशी गिचका, तिसऱ्या दिवशी चांगले. गाद्या हॉलमध्ये, एकच पंखा, त्याच्याखाली कोण झोपणार यावरून रोज वाद, आणि तो वाद आम्ही मोठे ऐकत पडतो, मध्ये पडत नाही.

आमच्याकडे वाशीच्या घरी मुलं मुद्दाम आधी जातात कारण भाऊजी तिथल्या घाऊक मार्केटातून, एपीएमसीतून, हापूसची कच्ची पेटी आणतात. पेंढ्यात अढी लावायची, दर सकाळी एकेक आंबा हातात घेऊन बघायचा, दाबायचा नाही, देठाजवळ वास घ्यायचा, पिकलेला वेगळा काढायचा. डागी निघाला तर लगेच कापून खायचा म्हणून पोरं डागी शोधत असतात.

कॅम्पबद्दल एवढंच की ज्यांच्याकडे रजा नाही आणि आजी-आजोबाही नाहीत त्यांना कॅम्पशिवाय इलाज नसतो, त्यांना कुणी कमी लेखू नये.

दिवाळे_कोळीवाडा

आम्ही इथलेच, बेलापूरजवळचे. सगळे गावाला जातात तेव्हा आम्ही कुठे जाणार, आमचं गावच शहराच्या पोटात आलंय. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली, ठाणे आणि रायगड मिळून ९५ गावांची जमीन गेली आणि त्यावर सेक्टर उभे राहिले. आम्हाला मामाच्या गावाला जायचं तरी घणसोली नाहीतर करंजा, उरण.

पण सुट्टीत आमच्याकडे माणसं कमी पडत नाहीत. गावदेवीची जत्रा असते, लग्नाचा सीझन असतो, हळदीला अख्खी आळी. आणि ह्याच दिवसांत पावसाळ्याची बेगमी चालते, सुकट, जवळा, बोंबील, वाकट्या वाळत टाकायच्या. वरच्या आजीबाईंच्या कुरडया तसं आमचं हे. माझी आई पहाटे सुकट पसरते, दुपारी पोरं ती हाताने वरखाली करतात आणि त्यातला कचरा, बारीक शिंपले निवडतात, संध्याकाळपर्यंत बोटांचा वास जात नाही.

माझं सगळ्यांना सांगणं आहे की सेक्टरमधल्या आणि घोडबंदरच्या लोकांनी मुलांना एकदा जवळच्या कोळीवाड्यात, आगरी गावात आणावं, जत्रेला या, कुणी परकं म्हणणार नाही. लांबचं गाव नाही म्हणून वाईट वाटतं पण हे गाव अर्ध्या तासावर आहे आणि मुलांना त्याचं नावही माहीत नसतं. मेच्या सुरुवातीला आलात तर ऐरोलीला किनारी जैवविविधता केंद्र आहे, तिथून खाडीत बोट जाते फ्लेमिंगो बघायला. बोट भरतीच्या वेळेवर सुटते म्हणून वेळ आधी विचारून या. मे संपत आला की पक्षी निघायला लागतात. ठाणे खाडी २०२२ ला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, मुलांना हे शाळेत सांगतील, पण खाडी कशी ओळखायची ते बोटीवाल्याला विचारा.

कोलशेतची_आई

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काल रात्री यांना सगळं वाचून दाखवलं. नेरूळच्या ताई, राग कसला, तुमचं वाचल्यावर मी विरारला मामीला फोन केला. तिला सरळ विचारलं की मामी तुला त्रास व्हायचा ना गं आमचा. ती म्हणाली व्हायचा, पण घर रिकामं असताना जास्त व्हायचा. आणि मग म्हणाली की तुम्ही येणार असाल तर मी येते, पण चुलीजवळ मी बसणार नाही, खुर्चीत बसून सांगीन. मामाही हो म्हणालाय, आधी एकदा जाऊन विजेचं आणि पंपाचं बघून यायचं ठरलंय. हे आणि माझा मामेभाऊ जातील. या वर्षी मे अखेरीस जमलं तर चार दिवस, नाही जमलं तर पुढच्या वर्षी नक्की, खर्च आम्ही भावंडं वाटून घेऊ.

तोवर नणंदेची मुलं आमच्याकडे आणि आमची तिच्याकडे ऐरोलीला, नाष्ट्याचा नियम लागू, बोटीचीही चौकशी करते. आजी, कमिटीला अर्ज दिलाय, सेक्रेटरी म्हणाले रविवार सकाळ देतो. गहू भिजवायला घेते पण चीक शिजवताना गुठळ्या होतात असं ऐकलंय, पाणी किती घालायचं सांगाल का?

नौपाड्याची_आजी

शाब्बास. चीक भांड्याने मोजून घे, जेवढा चीक तेवढंच पाणी. पाण्यात मीठ आणि हिंग घालून खळखळून उकळू दे, मग एकाने चीक बारीक धारेने ओतायचा आणि दुसऱ्याने हात न थांबवता हाटायचा. ओतणारा आणि हाटणारा वेगळे हवेत, एकटीने करायला जाशील तर गुठळ्या होणारच. यजमानांना हाटायला उभं कर, जोर लागतो. झाकण ठेवून वाफ आण, चीक चकचकीत दिसला की झाला. कुरडया गरम असतानाच घालायच्या, म्हणून सोऱ्या मोठ्यांच्या हातात. पहिल्या वेळी किलोभरच गहू घे. आणि शनिवारी रात्री आभाळ बघून ठेव, मेच्या अखेरीस ठाण्यात कधीही ढग येतात, तसं वाटलं तर मला इथे लिही, माझ्या गच्चीवर अर्धी बाजू झाकलेली आहे, पातेलं उचलून इकडेच ये.