जुनी कंबरदुखी-गुडघेदुखी असेल तर आधी काय कमी करायचं, घरकाम की गड?

गडवाट

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. अशी कंबर किंवा गुडघा असला की घरात पहिला सल्ला मिळतो, "ते डोंगर आधी बंद कर." माझं मत उलट आहे. टेकडी राहू द्या, काटछाट घरकामात करा. घरकामात मध्येच थांबायची सोय नसते. पोळ्या संपेपर्यंत ओट्याशी उभं राहायचं, बादलीतला शेवटचा शर्ट दोरीवर पडेपर्यंत हात वर. टेकडीवर कुठल्याही वळणावर बसता येतं, परत फिरता येतं.

खरी गडबड बऱ्या दिवशी होते. जरा बरं वाटलं की माणूस साचलेलं सगळं उपसायला घेतो: फरशी, धुणं, माळा, वर संध्याकाळी टेकडी. पुढचे दोन दिवस आडवा. हे चक्र मोडायचं तर थांबायची वेळ दुखण्याने नाही, घड्याळाने ठरवायची. एक काम घ्या, समजा ओट्याशी उभं राहणं. तीन वेगवेगळ्या दिवशी दुखणं वाढू लागेपर्यंतची मिनिटं मोजा. 10, 20 आणि 15 आली तर सरासरी 15. त्यातला पाचवा हिस्सा वजा करा, राहिली 12. टायमर 12 वर लावायचा आणि वाजला की बसायचं, दुखत नसलं तरी. आठवडा सुरळीत गेला तर दहा टक्के वाढ, म्हणजे जेमतेम मिनिटभर. चालणं, चढणं, केर काढणं, प्रत्येकाचा आकडा वेगळा.

रविवारी गड असेल तर शुक्रवारपासून फरशी आणि जड धुणं दुसऱ्याकडे द्यावं, सोमवार कोरा ठेवावा. ज्यांना हे लाड वाटतात त्यांनी कृपया मांडावं.

पोळपाट

मांडते. तुम्ही काटछाट केलीत म्हणून काम नाहीसं होत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर जातं. आणि बऱ्याच घरांत त्या दुसरीचीही कंबर दुखतच असते. गड ऐच्छिक आहे, चार माणसांचा स्वयंपाक नाही. त्यामुळे कमी करायचंच असेल तर आधी गड.

दुसरं म्हणजे मिनिटं मोजण्याआधी काम करायची जागा मोजा. सरळ उभं राहून कोपर काटकोनात ठेवा. ओटा कोपराच्या 10 ते 15 सेंटिमीटर खाली हवा. चिरायला तेवढा पुरतो, पण कणीक मळायला आणि लाटायला वरून जोर द्यावा लागतो, त्यासाठी आणखी खाली. आपल्याकडचे ओटे साधारण 32 ते 34 इंचांचे असतात. बुटक्या बाईला त्यावर लाटताना खांदे उचलावे लागतात आणि मान धरते, उंच माणूस कमरेत वाकतो. ओटा फोडायची गरज नाही. बुटक्या व्यक्तीने परात जेवणाच्या टेबलावर न्यावी, ते ओट्यापेक्षा तीन-चार इंच खाली असतं. उंच माणसाने पोळपाटाखाली जाड, न हलणारा पाट घ्यावा.

उभं असताना एक पाय 10-15 सेंटिमीटर उंचीच्या पाटावर ठेवायचा, थोड्या वेळाने बदलायचा. त्याने कमरेची पोकळी कमी होते आणि मागच्या सांध्यांवरचा दाब हलका होतो. विळी सोडा, सुरी घ्या. खाली बसून गुडघा पूर्ण दुमडतो, आणि खरी कळ उठताना येते. फरशी उकिडवं बसून पुसायची नाही. मॉपचा दांडा हनुवटीपर्यंत उंच हवा, आणि वळायचं असेल तर पाय हलवायचे, कमरेतून पीळ द्यायचा नाही. कपडे वाळत घालायचा पुलीचा दांडा आधी खाली घ्या, कपडे टाका, मग वर ओढा. 20 लिटरची बादली भरली की 20 किलोची होते, एका हातात घेतली की कणा एका अंगाला ओढला जातो. तेवढंच पाणी दोन बादल्यांत, दोन्ही हातांत. सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो असतो, पण लोखंडासकट तो तीस किलोच्या आसपास जातो. तो चाकांच्या ट्रॉलीवरच ठेवायचा.

एवढं केलं तर तुमच्या 12 मिनिटांची बरीच जास्त होतील, कोणावर काही न ढकलता.

सांधेमित्र

रुग्णांना व्यायाम शिकवणं हेच काम असल्याने लिहितो. दोघांचंही म्हणणं अर्धंच पटतं. घड्याळ आणि पाट सुरुवातीला हवेतच. पण सहा महिन्यांनीही टायमर 12 वरच असेल तर काहीतरी चुकतंय. स्नायू न वापरल्याने आणखी दुबळे होतात, मग मर्यादा आणखी खाली आणावी लागते. जपून जपून माणूस खुर्चीपुरता उरतो. ही भीती मोडायला ताकद लागते आणि ती घरकामातून मिळत नाही. त्यात तेच तेच स्नायू, तेही एकाच ठेवणीत वापरले जातात.

खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, 8 ते 10 वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा आणि एक दिवस सोडून. जमत नसेल तर बैठकीवर उशी टाकून उंची वाढवा आणि हळूहळू उशी काढा. दुसरा व्यायाम गड उतरण्यासाठीचा: 10 सेंटिमीटरच्या पायरीवर एका पायावर उभं राहायचं, भिंतीला बोट टेकायचं, आणि तीन मोजत दुसऱ्या पायाची टाच जमिनीला टेकवून परत वर. गुडघा आत कलंडतो तिथे लोक चुकतात. तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरसा समोर ठेवा.

किती दुखलं तर चालेल? शून्य ते दहाच्या मापात नेहमीपेक्षा दोनने वाढलं आणि 24 तासांत पूर्वीच्या जागी आलं, तर चालू ठेवा. मांड्या दोन्हीकडे सारख्या ठणकल्या आणि दोन-तीन दिवसांत ओसरल्या तर तो स्नायूंचा शीण. गुडघ्याला सूज आली किंवा कमरेची कळ पोटरीपर्यंत उतरली, तर व्यायाम जास्त झाला.

गडवाट

पोळपाट, ओट्याचं सगळं मान्य. कामाच्या वाटणीचंही पुष्कळसं. पण "आधी गड कमी" हे नाही. गड गेला की चालायचं कारणच जातं, आणि सांधेमित्र म्हणतात तशी मर्यादा तिथूनच आक्रसते. गड सोडण्याऐवजी गड निवडा.

गुडघ्याला चढापेक्षा उतार जड. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि वाटीवर दाब वाढतो. म्हणून सिंहगड आतकरवाडीच्या वाटेने चढावा आणि खाली जीपने यावं, रस्ता वरपर्यंत आहेच. रायगडला हिरकणीवाडीहून रोपवे आहे. राजमाचीला कोंदिवड्याची खडी चढण टाळून लोणावळ्याकडून जावं. अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास पडतं, पण वाट बरीचशी सपाट. त्याआधी पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून-उतरून 24 तास थांबा, पुढचं गुडघा सांगेल.

काठ्या दोन हव्यात. सपाटीवर कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उतारावर 5 ते 10 सेंटिमीटर वाढवायची. आधी दोन्ही काठ्या खाली टेकायच्या, मग पाऊल. पुष्कळजण पाऊल टाकून मग काठी टेकतात, तोवर धक्का गुडघ्याने खाल्लेला असतो. शेवाळलेल्या कातळावर काठीही घसरते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये उताराच्या वाटा नकोत.

आणि निघताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक "खबरदारी म्हणून" घेऊ नका. गोळीने इशारा दबतो, आणि घाम जाऊन पाणी कमी पडलं की या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

पोळपाट

जीपने उतरणं छान. पण सोमवार कोरा कोणाच्या जिवावर, ते अजून सांगितलं नाहीत. ज्याला गडावर जायचंय त्याने सोमवारची सोय शुक्रवारी स्वतःच्या हाताने करून जावी. कणीक मळून फ्रीजमध्ये, भाजी निवडून डब्यात, धुणं मशीनमध्ये घालून वाळत. तीही टायमर लावून, 12-12 मिनिटांच्या तुकड्यांत. तेवढं जमत नसेल तर त्या आठवड्यात अंगात गडाएवढी ताकद नाही, असं समजावं. माझ्या मते ही पर्वतीपेक्षा चांगली चाचणी आहे.

तांबडीमाती

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. वरचं सगळं झिजलेल्या गुडघ्याला आणि साध्या कंबरदुखीला लागू आहे. सकाळी सांधे तासभर आखडलेले राहत असतील, बोटांचे पेर सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तिथे आधी औषध, मग व्यायाम. चिकुनगुन्यानंतर महिनोन्महिने सांधे धरतात, त्यातही भडका उठलेला असताना मिनिटं वाढवायची नसतात. आणि श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अख्खं अंग कोसळत असेल, दुखणं एका सांध्याचं नसेल, तर दहा टक्के वाढीचा हिशोब माणसाला आणखी आजारी करतो. अशांनी मर्यादेच्या आतच राहावं.

कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर गड आणि ओटा दोन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सांधेमित्र

तांबडीमाती, बरं झालं लिहिलंत. पोळपाट, तुमच्या शुक्रवारच्या चाचणीला विरोध आहे. ओट्याशी उभं राहण्याची ताकद आणि उतार उतरण्याची ताकद वेगळी. एखादी बाई चार किलोमीटर मजेत चालते आणि दहा मिनिटं उभी राहू शकत नाही, कारण तिच्या कण्याला स्थिर उभं राहणं सोसत नाही, चालणं सोसतं. उलट, मणक्याची नळी अरुंद झालेल्या माणसाचे पाय चालताना जड होतात आणि पुढे वाकून बसलं की मोकळे होतात. पहिलीला शुक्रवारी नापास करून घरी बसवाल, आणि दुसरा बसून भाजी निवडत पास होऊन गडाच्या पायथ्याशीच थांबेल. चाचणी ज्या कामाची, तेच काम करून घ्यावी.

पोळपाट

पटलं, पण वाटणीचा मुद्दा तसाच आहे. चाचणी म्हणून नको तर नको, शुक्रवारचं काम मात्र जाणाऱ्यानेच करायचं. उभं राहणं सोसत नसेल तर टेबलाशी बसून करावं.