मदत हवी आहे: देशांवरून माणसांना इंग्रजीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. पुण्यात धायरीला आठवी-नववीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. 'इंडियन', 'जर्मन', 'इटालियन' सोपे: विशेषण तेच, नाम तेच, अनेकवचनाला 'एस'. 'जॅपनीज', 'चायनीज'ला 'एस' लागत नाही, हेही मुलांना पटतं. गाडी अडते ती पुढे. 'स्पॅनिश' पण माणूस 'स्पॅनियर्ड', 'पोलिश'चा 'पोल', 'डॅनिश'चा 'डेन'. 'द फ्रेंच' म्हणजे सगळे फ्रेंच लोक, पण एकट्याला 'अ फ्रेंच' चालत नाही. परवा एका मुलीने वहीत 'आय मेट अ ब्रिटिश' लिहिलं. पुढे 'टूरिस्ट' घालून दिलं, पण ती 'का?' विचारतेय आणि तिला खरं उत्तर मिळायला हवं. नुसती यादी पाठ करून घेणं मला पटत नाही. शब्दाच्या शेवटावरून ओळखायची काही रीत आहे का? आणि हल्ली 'फ्रेंचमन' शिकवावं की 'फ्रेंच पर्सन'? अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगा.