शकुंतलेले वाफेचंच इंजिन पायजे? काहून?

अंजनगावकर: काल इथं एकानं आपल्या शकुंतला नॅरोगेज गाडीबद्दल लिहिलं, ‘१९९४ ला मूळ इंजिन काढलं अन् शकुंतला त्याच दिवशी मेली. ते झेडडी, वाफेचं इंजिन, परत आणा.’ वाचून डोकं फिरलं. मूळ? लाइनची कंपनी १९१० ची. झेडडी १९२१ ला मँचेस्टरले बनलं, १९२३ ला इकडं लागलं. १५ एप्रिल १९९४ ले डिझेल आलं, त्याच्यानंतरही वीसेक वर्षं गाडी चाललीच ना! मारलं ते खराब रुळानं. मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर, चार तास लागत. त्यात इंजिनाचा काय दोष?

दारव्हेकर: काल लिहिणारा मीच. सत्तर वर्षं ओढलं त्या इंजिनानं. यवतमाळची ११३ किलोमीटरची लाइनही त्यानंच पाहिली. शिट्टी वाजली की आमची आजी चूल पेटवे. डिझेलवर कोणी चूल पेटवली का?

नॅरोगेजवेडा: एक दुरुस्ती. झेडडी एका इंजिनाचं नाव नाही, वर्गाचं आहे. झेड म्हणजे अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर. दोन फुटीला एन.

दारव्हेकर: आले मास्तर.

कापूसवाला: वर्ग सोडा. इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरले, अन् इंजिन मँचेस्टरहून इथं! वरून रुळाची रॉयल्टीही लंडनले गेली.

नॅरोगेजवेडा: लंडन नाही हो! रुळाची मालक किलिक निक्सन कंपनी कधीचीच भारतीय हातात गेली. रूळ कंपनीचे, गाडी चालवे मध्य रेल्वे, हाच तर घोळ. दुसऱ्याच्या रुळावर पैसा कोण लावणार?

कापूसवाला: म्हणजे पैसा मुंबईले गेला तर चालते? वऱ्हाडाच्या हाती काय आलं? १९५१ ले बऱ्याच लाइनी सरकारनं घेतल्या, आमची काहून सोडली?

नॅरोगेजवेडा: ते मला नका विचारू, मी रेल्वेमंत्री नाही.

कापूसवाला: मंग इतकं ज्ञान कायले पाजळता बाप्पा?

अंजनगावकर: अरे, धागा इंजिनाचा आहे!

कारंज्याची लेक: माझे बाबा त्याच इंजिनावर फायरमन होते. मे महिन्यात वर ऊन, पुढ्यात भट्टी. घरी आले की आई पदराच्या टोकानं त्यांच्या डोळ्यातली कोळशाची कणी काढे. डिझेल आलं त्या दिवशी आमच्या घरी पुरणपोळी होती. दारव्हेकर दादा, तुम्ही शिट्टी ऐकली, फावडं नाही उचललं.

दारव्हेकर: बरं ताई. ओढायले नको. स्टेशनापुढं उभं तं करा?

अंजनगावकर: उभं करा, मी रंगाचा डबा देतो. पण आधी त्याच्यामागं गाडी आणा. नॅरोगेज आणा का ब्रॉडगेज, मले फरक नाही पडत.

कापूसवाला: ब्रॉडगेज आलं तं वावर माह्यं जाईन. तुमचं काय जाते?