चार दिवस उभी राहिली की गाडीची बॅटरी उतरते. मल्टिमीटरने नेमके काय तपासावे?

कृष्णाकाठ
नमस्कार. माझ्या पेट्रोल गाडीला गेल्या वर्षी ४५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसवली. तरीही गाडी चार-पाच दिवस दारात उभी राहिली की स्टार्टर नुसती टकटक करतो. गॅरेजमध्ये अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे, परंतु एवढा खर्च करण्यापूर्वी स्वतः खात्री करून घ्यावी म्हणून मी डिजिटल मल्टिमीटर घेतला. बॅटरी चार्ज केल्यानंतर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी १२.५ व्होल्ट आणि इंजिन सुरू असताना १४.२ व्होल्ट दिसले. मग बिघाड कुठे शोधावा?

दुसरी शंका घरची आहे. जिन्यातला एलईडी दिवा, जो वरून आणि खालून अशा दोन्ही बटणांनी लागतो, तो बंद केल्यावरही अंधारात मंद मिणमिणत राहतो. दिवा काढून होल्डरच्या टोकांवर मोजले, तर ७४ व्होल्ट दिसतात. हा दोष मीटरचा की वायरिंगचा?

जुना मेकॅनिक
हेडलाइट आणि एसी लावल्यावरही १४.२ चा आकडा १३.५ च्या खाली जात नसेल, तर अल्टरनेटरला हात लावू नका; तो आपले काम नीट करत आहे. गाडी बंद असताना कुठेतरी वीज खर्च होत आहे आणि ती व्होल्टवर नव्हे, अँपिअरवर मोजावी लागते.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटात घालून नॉब डीसी अँपिअरवर ठेवा, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि टर्मिनल व सुटलेली केबल यांच्यामध्ये मीटर जोडा. त्याआधी बॉनेट उघडे ठेवून दारे बंद करा आणि किल्ली गाडीपासून दूर ठेवा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, कारण गाडीतले कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, लगेच झोपत नाहीत; अर्धा तास थांबल्यावर तो साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत यायला हवा. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न मात्र चुकूनही करू नका, कारण स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो.

आकडा जास्त निघाला तर दुसरा मीटर मिळवा, तो मिलीव्होल्टवर ठेवा आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे धातूचे ठिपके असतात त्यांवर प्रोब (मीटरच्या वायरींची टोकदार टोके) टेकवा. ज्या फ्यूजमधून प्रवाह वाहतो तिथे दोन-चार मिलीव्होल्ट दिसतात. फ्यूज उपसून पाहण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक पसंत आहे, कारण उपसलेला फ्यूज परत बसवला की झोपलेले युनिट पुन्हा जागे होते आणि अर्धा तास वाया जातो.

वायरमन, मिरज
जिन्याच्या दिव्याबद्दल लिहितो. दोन बटणांच्या जोडणीत एकाच पाइपमधून वायरी लांबवर शेजारी-शेजारी जातात. त्यामुळे चालू वायरीचा परिणाम बंद वायरीवर होऊन तिच्यात किंचित दाब (व्होल्टेज) उमटतो. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सहसा १० मेगाओहम, म्हणजे फार मोठा, असल्याने तो हा पोकळ दाबही इमानाने दाखवतो. त्याच टोकांवर साधा पिवळा बल्ब आणि मीटर एकाच वेळी जोडा. आकडा एकदम शून्याजवळ आला, तर दाब पोकळ होता असे समजा.

तरीही एक तपासणी टाळू नका. बटण बंद असताना होल्डरचे प्रत्येक टोक आणि जवळच्या सॉकेटातले अर्थिंग यांच्यामध्ये मोजा. एखाद्या टोकावर २३० च्या आसपास आकडा आला, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी दिवा विझलेला असूनही होल्डर जिवंत असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला जोराचा झटका बसू शकतो.

आणि कळकळीची विनंती : गाडीचे मोजमाप झाल्याबरोबर लाल वायर व्होल्टच्या सॉकेटात परत घाला. ती अँपिअरच्या सॉकेटात तशीच राहिली आणि प्रोब घरच्या प्लगमध्ये गेले, तर ते सरळ शॉर्टसर्किट होते. स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरच्या वाटेवर पुष्कळदा फ्यूजही नसतो; प्रोबचे वितळलेले टोक आणि भाजलेला तळहात मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

कृष्णाकाठ
दोघांचेही मनापासून आभार. अर्धा तास थांबूनही मीटरवर ०.४१ अँपिअर होते, म्हणजे चार दिवसांत जवळजवळ ३९ अँपिअर-अवर. बॅटरी का उतरत होती ते तिथेच कळले. शेजाऱ्यांचा मीटर आणून पाहिले, तर आतल्या दिव्यांच्या फ्यूजवर ३ मिलीव्होल्ट मिळाले. डिकी उघडून तिथल्या दिव्याच्या काचेला बोट लावले, तर ती चांगलीच तापलेली होती. झाकणाने दाबली जाणारी बटणाची पिन गंजून अडकल्यामुळे डिकी बंद असतानाही तो पाच वॅटचा दिवा जळत होता. पिन साफ केल्यावर आकडा २२ मिलीअँपिअरवर आला.

लाल वायर परत जागेवर घालून मगच जिन्याकडे वळलो. बल्ब जोडताच ७४ चे जवळपास शून्य झाले आणि अर्थिंगशी कोणत्याही टोकाला २३० आढळले नाहीत.