उसाच्या हंगामात एकेरी रस्त्यावर ट्रॅक्टरमागे अडकून डायलिसिसची वेळ चुकते, मार्ग सुचवा

नमस्कार मंडळी,

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. वडिलांचं डायलिसिस मिरजेला चालू आहे, दुपारची पाळी. एरवी घरातून निघालं की दहा-पंधरा मिनिटांत मोठ्या रस्त्याला लागतो. कारखान्यांची धुराडी पेटली की मात्र तेवढ्याच अंतराला पाऊण तास धरून चालावं लागतं. उशीर झाला तरी पुढच्या पेशंटची वेळ हलत नाही, त्यामुळे वडिलांना मशीनवर पूर्ण चार तास मिळत नाहीत. मग दुसऱ्या दिवशी पायाला सूज आणि जिना चढताना धाप. म्हणून हा प्रश्न मला फार लागलेला आहे.

रस्ता साधा गावरस्ता आहे, डांबर पावणेचार मीटर, दोन्ही अंगाला ऊस. नियमाप्रमाणे वाहनाची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर असायला हवी. ट्रॉली तेवढीच धरली (ऊस बाहेर आलेला असतो तो वेगळाच) तरी बाजूला जेमतेम १.१५ मीटर डांबर उरतं, आणि माझी गाडी आहे १.७ मीटर रुंद. म्हणजे पुढे जायचं तर कोणीतरी साइडपट्टीवर उतरलंच पाहिजे. आणि साइडपट्टी आहे कुठं? २०१९ च्या महापुरात ती वाहून गेली, थोडीफार भरली ती २०२१ ला पुन्हा गेली. आता डांबराची कड खालच्या मातीपासून वीतभर उंच राहिली आहे. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन त्या कडेवरून खाली उतरलं तर मागची ट्रॉली कलंडणारच. त्यामुळे ड्रायव्हर साइड देत नाही याचा राग मी त्याच्यावर काढत नाही. आमचाही ऊस याच ट्रॉल्यांतून जातो. तोडलेला ऊस वेळेत गाळला गेला नाही तर वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो, हे मला माहीत आहे. हंगाम बंद करा असं कोण म्हणेल?

पण काही गोष्टी अशा आहेत की त्या सुधारायला रस्ता रुंद व्हायची वाट बघावी लागत नाही. टेप एवढा मोठा लावलेला असतो की मागचा हॉर्न ऐकूच येत नाही. ओढ्याच्या पुलाला चढ आहे, तिथं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, मग ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावतात आणि ट्रॅक्टर वर चढला की ते दगड तसेच रस्त्यात सोडून जातात. रात्री परत येताना तर जीव मुठीत धरावा लागतो. ट्रॉलीला मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या शेंड्यांनी) झाकलेला. आपल्या गाडीचा उजेड पडतो तेव्हा समोर एकदम उसाची भिंत उभी दिसते. वडील त्या वेळी मागच्या सीटवर थकून झोपलेले असतात, अचानक ब्रेक दाबला की हाताच्या फिश्च्युलाला (डायलिसिसच्या सुया टोचतात त्या जोडलेल्या शिरेला) धक्का बसेल याची धास्ती वाटते.

मी ऊसतोडीच्या फडावर जाऊन ट्रॅक्टरवाल्यांशी बोललो. पोरं चांगली आहेत, "दादा, हात दाखवा, थांबतो" म्हणाली आणि ओळखीचे थांबतातही. पण गाड्या रोज बदलतात. कारखान्याच्या गट ऑफिसात गेलो तर वाहतूक ठेकेदाराकडे बोट दाखवलं. ठेकेदार म्हणतो ट्रॉली मालकाची. ग्रामपंचायतीचं म्हणणं, रस्ता आमच्याकडे नाही.

तर जाणकारांनी सांगा, साइडपट्टीसाठी नेमका अर्ज कुठं करायचा? एकेरी रस्त्यावर मध्ये मध्ये गाडी बाजूला घ्यायला जागा करून मागता येते का? आणि रिफ्लेक्टरचं काम गावपातळीवर कोणी करून घेतलं असेल तर कसं केलं? शक्यतो दंडाच्या वाटेनं जायचं नाही, कारण दंड शेवटी त्या ड्रायव्हरच्याच पगारातून कापतात.

प्रतिसाद:
दादा, आधी रस्ता कोणाचा ते काढा. किलोमीटरच्या दगडावर ग्रा.मा. (ग्रामीण मार्ग) किंवा इ.जि.मा. (इतर जिल्हा मार्ग) असेल तर जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग. प्र.जि.मा. (प्रमुख जिल्हा मार्ग) किंवा रा.मा. (राज्य मार्ग) असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. अर्जात रुंदीकरण मागू नका, त्यात भूसंपादन आलं की फाइल वर्षानुवर्षं पडते. "साइडपट्ट्या मुरूम टाकून दाबून घेणे" आणि "अमुक ठिकाणी वाहनं बाजूला घेण्यासाठी जागा" असं लिहा. एकेरी रस्त्याच्या आराखड्यात अशा जागा धरता येतात, तुम्ही काही वेगळं मागत नाही. पूल आणि वळण यांच्या आधीची, सरकारी हद्दीत बसणारी जागा फोटोसह दाखवा.

रिफ्लेक्टर केंद्रीय मोटार वाहन नियमांतच बंधनकारक आहेत. दंड नको असेल तर आरटीओला पत्र देऊन कारखान्याच्या गाडीतळावर पट्ट्या लावायचा कार्यक्रम मागा. सगळ्या गाड्या वजनकाट्यावर येण्याआधी तिथं तासन्‌तास उभ्या असतात, एका रात्रीत बरंच काम होतं. पट्टी ट्रॉलीच्या चौकटीवर खाली लावा म्हणजे वाढे आड येणार नाहीत. आणि सकाळची पाळी मिळते का बघा. तोड सकाळी, भरणी दुपारनंतर, त्यामुळे भरलेल्या गाड्यांची खरी गर्दी संध्याकाळी असते.

धागाकर्ता:
मनापासून आभार. दगडावर ग्रा.मा. आहे, म्हणजे जिल्हा परिषद. सकाळच्या पाळीसाठी नाव देऊन ठेवलंय, पण जागा रिकामी व्हायला वेळ लागेल. एक विचारायचं राहिलं: अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन पडतं का, की नुसत्या सह्या पुरतात? ठराव लागत असेल तर येत्या ग्रामसभेत विषय घ्यायला सरपंचांना आजच सांगतो.