तालिमेरेन आओ: १९४८चा कर्णधार डॉक्टर

प्रश्न: १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल कर्णधार कोण होता? फ्रान्सविरुद्धची मॅच नक्की कुठे हातची गेली?

उत्तर १: तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतल्या (आजच्या नागालँडमधल्या) चांगकीचे, जन्म १९१८. कोलकात्याच्या मोहन बागान क्लबचे सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीत बचाव सांभाळणारे. उद्घाटनाला तिरंगाही त्यांच्याच हातात होता. ३१ जुलैला लंडनजवळच्या इलफर्डला १-२ हरलो. आपल्या रामनने ७०व्या मिनिटाला बरोबरी साधली, पण ८९व्या मिनिटाला फ्रान्सने गोल मारला. खरा घात पेनल्टीचा. दोन मिळाल्या, एक शैलेन मन्नाने आणि एक महावीर प्रसादने वाया घालवली. एक जरी आत गेली असती तर!

उत्तर २: बूट नव्हते म्हणून हरलो, हे मला पटत नाही. बहुतेक जण घोट्याला पट्टी गुंडाळून अनवाणी खेळायचे. कोरड्या, टणक मैदानावर तळव्याला चेंडू छान कळतो. ओल्या गवतावर मात्र पाय घसरतो, वळताना तोल जातो. पण पेनल्टीचं खापर पायांवर कशाला?

उत्तर ३: आओंची पुढची वाटचाल मला जास्त मोठी वाटते. वडिलांची इच्छा होती मुलाने डॉक्टर व्हावं. कोलकात्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात खेळता खेळता शिकले, १९५०मध्ये एमबीबीएस झाले आणि गावाकडे परतले. कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात काम केलं, पुढे नागालँडचे आरोग्य संचालक झाले. १९७८ला निवृत्त, १९९८मध्ये निधन.